नगरसेविकेचा कार्यअहवाल: वाचला, आणि पिशवीत घालून प्रभागभर फिरले

मे महिन्याच्या शेवटच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या प्रत्येक टपालपेटीत एकेक पुस्तिका पडली. प्रभागातल्या नगरसेविकेचा पहिल्या चार महिन्यांचा कार्यअहवाल. २४ पानं, गुळगुळीत आर्ट पेपर, मधोमध दोन पिना. मी २९ वर्षं एका छापखान्यात मुद्रितं तपासली, त्यामुळे छापील कागद हातात आला की आधी पेन्सिल शोधते. ही पुस्तिका दोनदा वाचली आणि मग सलग तीन सकाळी ती बरोबर घेऊन प्रभागात हिंडले. मिक्सर घेताना आपण चार जणांचे अभिप्राय वाचतो. आपल्या मिळकतकरातून होणाऱ्या कामांच्या अहवालाचाही कोणीतरी नीट अभिप्राय लिहावा, असं मला मनापासून वाटतं.

अहवाल आला, याचंच मला आधी कौतुक आहे. पुणे महापालिकेच्या सभागृहाची मुदत १४ मार्च २०२२ ला संपली आणि मतदान झालं १५ जानेवारी २०२६ ला. मधली जवळपास चार वर्षं प्रशासक. त्या काळात ड्रेनेज तुंबलं तर कोणाला सांगायचं हे आमच्या इमारतीतल्या तरुण मुलांनाही कळत नव्हतं. आता ४१ प्रभागांत १६५ नगरसेवक आहेत, आणि मतदानाला आपण अ, ब, क, ड अशी चार मतं दिली. पण चार जण निवडून दिले की पाण्यासाठी कोणाकडे जायचं आणि बागेसाठी कोणाकडे? हा प्रश्न पुस्तिकेनं तिसऱ्याच पानावर सोडवला आहे. चौघांनी प्रभागाचे भाग आणि विषय कसे वाटून घेतले, त्याचा साधा तक्ता तिथे आहे. आमच्या ताईंकडे ड्रेनेज, पावसाळी वाहिन्या आणि अभ्यासिका.

पाचवं पान तर कापून फ्रीजवर लावण्यासारखं आहे. मथळा आहे, ‘हे काम महापालिकेचं नाही’. वीज गेली तर महावितरण, दारासमोर लावलेल्या गाड्यांवर कारवाई वाहतूक पोलिसांची, रेशनकार्ड अन्नधान्य वितरण कार्यालयाचं, बसचा थांबा पीएमपीचा. नगरसेवकाच्या संपर्क कार्यालयात रोज येणारी निम्मी माणसं चुकीच्या दारात आलेली असतात. त्यांना हेलपाटा पडू नये म्हणून एक अख्खं पान खर्च केलं, हे मला फार आवडलं.

आता जिथे पेन्सिल चालवावी लागली त्याबद्दल.

पुस्तिकेत एकूण २३ कामं आहेत. रक्कम छापली आहे फक्त ९ कामांपुढे. बाकी ठिकाणी ‘भरीव निधी’, ‘विशेष प्रयत्नांतून मंजूर’. हे शब्द आकड्याची जागा घेऊ शकत नाहीत. काम ‘स यादी’तून, म्हणजे नगरसेवकांनी आपल्या प्रभागासाठी सुचवलेल्या कामांच्या यादीतून झालं की मूळ अंदाजपत्रकात होतं, की दुसऱ्या कामाचे पैसे वर्गीकरण करून इकडे आणले, हे लोकांना कळायला हवं. वर्गीकरण झालं असेल तर कोणतं काम मागे राहिलं, हेही. बागेशेजारच्या पदपथावर नवी बाकडी बसवली आहेत. मी मोजली, लिहिलंय तशी १२ भरली. दोन्ही बाजूंना टेकायला हात आहेत, गुडघेदुखीच्या माणसाला उठताना त्यांचा मोठा आधार होतो. काम चांगलं झालंय. मग त्याची किंमत लिहायला संकोच कशाला?

रस्त्यांचंही तसंच. दोन अंतर्गत रस्त्यांचं डांबरीकरण झालं, आधीचे आणि नंतरचे फोटो आहेत. पण त्या रस्त्याचा दोषनिवारण कालावधी किती, म्हणजे कोणत्या तारखेपर्यंत खड्डा पडला तर ठेकेदारानं तो स्वतःच्या खर्चानं बुजवायचा, ही एक ओळ कुठेच नाही. नागरिकाच्या हाती ती तारीख असली, तर क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याशी बोलताना तो विनंती करत नाही, हक्कानं विचारतो.

पुस्तिकेत ४१ फोटो आहेत आणि त्यांतल्या २६ मध्ये ताई स्वतः. ते मी समजू शकते, नवीन माणसाला लोकांनी ओळखायला हवं. मला खरं वाईट वाटलं ते चौदाव्या पानावर. विरंगुळा केंद्रात कचरावेचक महिलांची आरोग्य तपासणी झाली, त्याचा मोठा फोटो आहे. खाली पाहुण्यांची नावं पदांसकट ओळीनं छापली आहेत आणि त्या अकरा जणींचा उल्लेख ‘लाभार्थी महिला’. पुण्यात २००८ पासून ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्याच सहकारी संस्थेच्या बायका घरोघरी कचरा गोळा करतात. त्या फोटोत डावीकडून तिसरी आमच्या जिन्यावर रोज सकाळी येते. ओला-सुका वेगळा नसेल तर डबा परत करते, आणि सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून द्या म्हणून तिनंच आम्हा सगळ्यांना शिकवलं. ज्यांच्यामुळे प्रभाग स्वच्छ दिसतो त्यांची नावं छापायला दोन ओळी पुरल्या असत्या. पुढच्या अंकात ती छापावीत, ही माझी कळकळीची विनंती आहे.

अभ्यासिकेबद्दल पुस्तिकेत चारच ओळी आहेत, आणि मी गेले तेव्हा सकाळी साडेसहाला सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. स्पर्धा परीक्षेची मुलं डबा घेऊन बसतात. या कामाला दोन पानं द्यायला हवी होती.

आता मुख्य गोष्ट. सातव्या पानावर लिहिलंय, ‘पावसाळापूर्व कामांत प्रभागातील ४२० चेंबरची सफाई’. एकोणिसाव्या पानावरच्या तक्त्यात तोच आकडा ४०२. छापखान्यात असं काही दिसलं की आम्ही समासात प्रश्नचिन्ह करून हस्तलिखित मागवायचो. मी संपर्क कार्यालयात गेले. तिथल्या मुलाला वाटलं, अंकांची उलटापालट झाली. मी म्हटलं, “बाळा, वही काढ.” त्यानं खरंच वही काढली. दोन्ही आकडे बरोबर निघाले. चेंबर ४२०, साफ झालेले ४०२. उरलेल्या १८ चेंबरची झाकणं सापडलीच नव्हती, कारण रस्त्यावर थरावर थर टाकताना ठेकेदारांनी ती डांबराखाली गाडून टाकली होती.

ते ऐकून मी क्षणभर तिथल्या खुर्चीवर बसले. २५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठेत ३५ हजार क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांमध्ये पाणी शिरलं, ते सगळ्या पुण्यानं पाहिलं. आमची इमारत नदीपासून बरीच वर आहे. तरी दर पावसाळ्यात आमच्या फाटकाशी पाऊण फूट पाणी साचतं, आणि शाळेच्या रिक्षा कोपऱ्यावरच थांबतात. इतकी वर्षं आम्ही म्हणत होतो, उतारच चुकलाय. वहीत फाटकासमोरच्या चेंबरपुढे लिहिलं होतं, ‘झाकण दिसत नाही’.

तेवढ्यात ताई आल्या. मी दोन्ही पानं उघडून दाखवली. त्या उभ्यानंच वाचत होत्या. म्हणाल्या, “काकू, सातव्या पानावर साफ झालेले लिहायला हवे होते, एकूण लिहिले गेले. चूक आमची.” मी म्हटलं, “चुकीचं जाऊ द्या ताई, ही १८ ठिकाणं छापा. तुमच्या पुस्तिकेतलं सगळ्यांत कामाचं पान तेच होईल.” लोकांनी वाचलं असतं तर कोणाला तरी आठवलं असतं, झाकण अमुक खांबाशेजारी होतं.

चौथ्या दिवशी प्रभागाच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर दुरुस्त पीडीएफ आली. सातव्या पानावर ४०२, आणि शेवटी एक जादा पान: राहिलेली १८ ठिकाणं, प्रत्येकापुढे खूण, आणि ‘माहिती असल्यास कळवा’. संध्याकाळपर्यंत सहा जणांनी कळवलं. आमच्या मागच्या गल्लीतल्या आजोबांनी तर जुन्या पिंपळापासून पावलं मोजून दाखवली.

मी या अहवालाला पाचपैकी साडेतीन तारे देते, आणि पीडीएफमधल्या त्या जादा पानासाठी आणखी अर्धा.

आमच्या फाटकासमोरचं चेंबर यादीत अकरावं आहे. काल दुपारपर्यंत सातव्याचं झाकण निघालं होतं.