पोश्चर मोजायचा सेट घेतला, जिंकला मात्र ओळंबा

कायरोप्रॅक्टिक (हाताने मणक्यांवर आणि सांध्यांवर उपचार) क्लिनिकसाठी पोश्चर, म्हणजे शरीराची ठेवण, मोजायचा अख्खा सेट घेऊन सात-आठ महिने झाले. भिंतीवरचा ग्रिड चार्ट, ओळंबा, दोन वजनकाटे, स्कोलिओमीटर (पाठीचा तिरकेपणा मोजायचं साधन) आणि फोटोवरून कोन सांगणारं ॲप. विकणाऱ्याने गुणगान केलं ते ॲपचं आणि मीही त्यालाच भुलले, पण रोज हातात येतो तो ओळंबाच, गवंड्याकडे असतो तोच, दोरी आणि खाली वजन.

पेशंटला बाजूने उभं करायचं, दोरी घोट्याच्या जरा पुढे येईल अशी धरायची आणि वर बघत जायचं, गुडघ्याच्या मध्याच्या किंचित पुढून, खुब्यावरून, खांद्याच्या मधून ती कानाच्या पाळीपाशी यायला हवी. कान दोरीच्या किती पुढे गेलाय हे फोटोत पेशंटला स्वतःलाच दिसतं, मला तोंड वाजवावं लागत नाही.

ग्रिड चार्ट ठीक आहे, पण लावताना पाणसळ वापरा बाबांनो. मी अंदाजाने चिकटवला आणि तीन आठवडे येईल त्याचा उजवा खांदा खाली!! मला वाटलं सगळे एकाच खांद्यावर बॅग घेतात वाटतं. शेवटी पाणसळ लावली तर चार्टच तिरका.

आता ॲप. सैल शर्ट असला की खांदा कुठेही धरतं, मोबाईल जरा वर-खाली किंवा तिरका झाला की कोन बदलतो, एकाच माणसाचे पाच मिनिटांच्या अंतराने दोन फोटो काढले तर मानेच्या कोनात चार अंशांचा फरक आला, मग महिन्याने तीन अंश सुधारणा झाली असं कोणत्या तोंडाने सांगायचं? ट्रायपॉड एकाच उंचीवर ठेवला, जमिनीवर पावलांच्या खुणा केल्या, मानेच्या सातव्या मणक्यावर हाताने चाचपून स्टिकर लावला तेव्हा कुठे आकडे जरा स्थिर झाले. म्हणजे मेहनत माझीच, नाव ॲपचं. आणि तो रिपोर्ट, सगळीकडे लाल रेषा! पाठ थोडी दुखते म्हणून आलेला माणूस ते बघून घाबरून जातो, आणि दिसायला वाकडं म्हणजे दुखणारच असं तर अजिबात नसतं. मी प्रिंट देणं बंद केलं.

वजनकाटे दोन पायांवरचा भार दाखवतात, पण फरक दिसला की काट्यांची अदलाबदल करून परत बघा. फरक त्याच पायाकडे राहिला तर पेशंटचा, काट्याबरोबर दुसऱ्या पायाकडे गेला तर काट्याचा.

स्कोलिओमीटर मात्र एक नंबर. पेशंटला कमरेतून पुढे वाकवायचं, पाठीवर आडवा ठेवायचा, नळीतली गोळी किती अंशांवर थांबते ते वाचायचं. साधारण 5 ते 7 अंशांच्या वर गेली की मी एक्स-रेसाठी पाठवते. तिथे कॉब अँगल, म्हणजे एक्स-रेवरचा मणक्याच्या बाकाचा कोन, मोजतात आणि 10 अंशांपासून पुढे स्कोलिओसिस (मणका बाजूला वाकणं) म्हणतात, पण तो कोन वेगळा, हा वेगळा, दोन्हींची सरमिसळ करू नका, ॲपवाले सर्रास करतात.

ॲपचं सबस्क्रिप्शन पुढच्या महिन्यात संपतंय, रिन्यू करणार नाहीये. ट्रायपॉड तेवढा ठेवते, ओळंब्याचे फोटो काढायला.