हळदीच्या पेढीवरचा ३२ बिटांचा प्रोग्राम नव्या कर्नलवर: एका हंगामानंतर

आधी निकाल सांगतो, बरेच जण तेवढ्यासाठीच वाचत असतील. २००३ साली रेड हॅट लिनक्स ९ वर कंपाइल झालेला आमच्या पेढीचा ३२ बिटांचा हिशोबाचा प्रोग्राम आज डेबियन १३ या लिनक्सवर, ६.१२ कर्नलवर (कर्नल म्हणजे सिस्टिमचा गाभा, हार्डवेअर आणि प्रोग्राम यांच्यामधला), ६४ बिटांच्या नव्या मशीनवर चालतो आहे. दिवाळीच्या पाडव्याला सुरू केला आणि हळदीचा अख्खा हंगाम त्यावर निघाला. प्रोग्रामच्या फाइलमधला एक बाइटही बदललेला नाही. कर्नलने कुठंच दगा दिला नाही. त्रास झाला तो सगळा कर्नलच्या आजूबाजूच्या गोष्टींचा, म्हणून त्यांच्याबद्दलच जास्त लिहितो.

पेढी सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात. हळद आणि बेदाणा, दोन्हींची अडत. प्रोग्राम मिरजेच्या एका गृहस्थांनी सी भाषेत लिहून दिला होता. सौदा झाला की वजन आणि दर घालायचा; हमाली, तोलाई धरून शेतकऱ्याची पट्टी छापून येते आणि खतावणीत नोंद पडते. माऊस नाही, रंग नाहीत. पण दिवाणजींचा हात त्यावर असा बसला आहे की समोरच्या शेतकऱ्याशी बोलता बोलता पट्टी निघते. लिहिणारे गृहस्थ आता हयात नाहीत आणि सोर्स कोड कुणाकडेच नाही. नवं सॉफ्टवेअर घ्या असं सांगणारे पुष्कळ भेटले, त्यातली काही मी नीट बसून पाहिली. एकाच गाडीतून आलेली चार-पाच शेतकऱ्यांची पोती, प्रत्येकाचा लॉट आणि दर वेगळा, गाडीभाडं मात्र सामायिक: हा हिशोब आमच्या जुन्या प्रोग्रामला जितका सहज येतो तितका त्यातल्या एकालाही येत नव्हता. म्हणून जुनंच टिकवायचं ठरवलं.

यार्डात बऱ्याच पेढ्यांवर अजून डॉस या जुन्या १६ बिटांच्या सिस्टिमवरचे फॉक्सप्रोचे प्रोग्राम आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला, नवी मशीन आली आणि ते प्रोग्राम उघडेचनात. त्यांची अडचण आमच्यापेक्षा वेगळी आहे, हे आधी समजून घ्यावं. विंडोज ११ फक्त ६४ बिटांत येतं आणि ६४ बिटांच्या विंडोजमध्ये १६ बिटांचे प्रोग्राम चालत नाहीत. प्रोसेसर ६४ बिटांच्या मोडमध्ये गेला की १६ बिटांचे प्रोग्राम चालवणारा जुना व्हर्च्युअल ८०८६ मोड त्याच्यापाशी उरत नाही. अशांना डॉसबॉक्ससारखा पूर्ण एम्युलेटर लागतो, म्हणजे अख्खा जुना प्रोसेसर सॉफ्टवेअरमध्ये उभा करावा लागतो.

३२ बिटांचं तसं नाही. २००३ मध्येच एएमडीने ऑप्टेरॉन आणला तेव्हा ३२ बिटांच्या सूचना थेट चालवण्याची सोय प्रोसेसरमध्येच ठेवली. त्यामुळे आमच्या प्रोग्रामची बेरीज-वजाबाकी आजही खुद्द प्रोसेसर करतो, मध्ये कुणी दुभाष्या नाही. कर्नलचं काम येतं ते प्रोग्राम त्याच्याकडे काही मागतो तेव्हा. ३२ बिटांच्या जगात ‘फाइलमध्ये लिही’ या मागणीचा क्रमांक ४ आहे, ६४ बिटांत तोच १ आहे. पत्ते आणि आकडे यांची लांबीही वेगळी. कर्नल जुन्या वाटेने आलेली मागणी ओळखतो, या क्रमांकांचा जुना तक्ता वापरतो आणि उत्तर जुन्या मापात परत देतो. रेड हॅट ९ चा कर्नल २.४.२० होता. तिथून ६.१२ पर्यंत इतक्या लोकांनी इतकं बदललं, तरी तो जुना तक्ता कुणी मोडला नाही. वापरकर्त्याचा चालता प्रोग्राम मोडायचा नाही, हा लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचा नियम मी पूर्वी फक्त वाचला होता. आता आमची पेढी त्यावर चालते आणि त्या लोकांबद्दल मला मनापासून कृतज्ञता वाटते.

कर्नलमधली ही ३२ बिटांची सोय कर्नल बांधताना वगळता येते, आणि ६.७ पासून बूट करतानाच्या एका पर्यायाने चालू-बंदही करता येते. हल्ल्याची शक्यता कमी करायला काही जण ती मुद्दाम बंद ठेवतात. तुमच्याकडे ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ आली तर पहिल्यांदा हे तपासा. डेबियनमध्ये आम्हाला काही करावं लागलं नाही.

आता खरी कटकट. प्रोग्राम नव्या मशीनवर ठेवून चालवला की उत्तर येतं: अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही. फाइल तर समोर दिसते! इथं माणसं हात टेकतात. ‘नाही’ असं जिला म्हटलं जातं ती तुमची फाइल नव्हेच. प्रोग्राम सुरू करून देणारा ३२ बिटांचा लोडर मशीनवर नसतो. उपाय सरळ आहे: पॅकेज व्यवस्थेला आय३८६ हे दुसरं आर्किटेक्चर, म्हणजे ३२ बिटांचा प्रोसेसर-प्रकार, जोडायचं आणि त्याची सी लायब्ररी घ्यायची, लोडर तिच्याबरोबर येतो. ही लायब्ररी २.४१ आवृत्तीची आहे, आमचा प्रोग्राम २.३ च्या काळातला, तरी जुळतं, कारण ही लायब्ररी बनवणारे ग्लिबसीवाले जुन्या फंक्शनच्या जुन्या आवृत्त्या आत जपून ठेवतात. स्क्रीन आखणाऱ्या एनकर्सेस या लायब्ररीचं मात्र तसं नाही. आमच्या प्रोग्रामला पाचवी आवृत्ती लागते, आता सगळीकडे सहावी असते. जुन्या डिस्कवरची पाचवीची फाइल प्रोग्रामच्या शेजारी ठेवली आणि सुरुवातीच्या स्क्रिप्टमध्ये तो मार्ग सांगितला. अशा फाइलींची एक प्रत वेगळ्या पेन ड्राइव्हवर ठेवा. २०१९ च्या महापुरात जुनं मशीन माडीवर चढवून वाचवलं होतं. ते गेलं असतं तर ही लायब्ररी शोधत बसावं लागलं असतं.

प्रोग्राम उघडला तर पट्टीच्या चौकटींच्या जागी क्यू आणि एक्स या अक्षरांच्या रांगा. जुनी लायब्ररी रेघा काढायला टर्मिनलला जुन्या अक्षरसंचावर जायला सांगते आणि यूटीएफ-८ या आजच्या अक्षरसंचावरचं टर्मिनल ते ऐकत नाही. दिवाणजींच्या टेबलावरच्या पुटी या टर्मिनलच्या प्रोग्राममध्ये अक्षरसंच बदलला आणि रेघा जागेवर आल्या. एवढंच.

प्रोग्रामसोबतची बॅकअपची स्क्रिप्ट मशीनचा प्रकार विचारते आणि उत्तर आय६८६, म्हणजे ३२ बिटांचं मशीन, नसेल तर थांबते. सेटआर्क नावाचं छोटं साधन त्या एका कामापुरतं कर्नलकडून जुनं उत्तर देववतं. त्यात आणखी एक पर्याय आहे: आवृत्तीचा क्रमांक २.६ ने सुरू व्हायला हवा असा हट्ट धरणाऱ्या प्रोग्रामसाठी ६.१२ स्वतःला २.६.७२ म्हणवून घेतो. आम्हाला तो लागला नाही, पण कुणीतरी इतका विचार करून ठेवलाय याचं फार बरं वाटलं.

सगळ्यात जास्त वेळ प्रिंटरने खाल्ला. पट्टी डॉट मॅट्रिक्सवरच हवी, कार्बनच्या प्रतीसह. शेतकऱ्याला एक, फाइलला एक. प्रोग्राम थेट एलपी० या पॅरलल पोर्टला मजकूर पाठवतो आणि नव्या मशीनला पॅरलल पोर्टच नाही. यूएसबीची केबल लावली की प्रिंटर दिसतो, पण वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या नावाने. जोडलेल्या उपकरणांना नावं देणाऱ्या यूडेव्हच्या एका नियमाने जुन्या नावाचा दुवा तयार केला आणि दिवाणजींच्या लॉगिनला प्रिंटरच्या ग्रुपमध्ये घातलं. तरी ऐन सौद्याच्या दिवशी कधीकधी छपाई मध्येच थांबायची. दोष निघाला स्वस्तातल्या केबलचा. दुसरी आणल्यापासून तक्रार नाही. तुमच्या प्रिंटरचा ड्रायव्हर कर्नल मॉड्यूलच्या, म्हणजे कर्नलमध्येच चढवायच्या तुकड्याच्या, रूपात असेल तर मात्र सावध राहा. ३२ बिटांचा प्रोग्राम ६४ बिटांच्या कर्नलवर चालतो, ३२ बिटांचं मॉड्यूल कधीच चढत नाही. हेच हार्डवेअर लॉकच्या (प्रोग्रामची नक्कल रोखायला मशीनला लावायच्या किल्लीच्या) ड्रायव्हरलाही लागू आहे.

डेटा कुठं ठेवायचा, हाही प्रश्न आहे. आमच्याकडे एक नेटवर्क डिस्क आहे. चाचणीसाठी डेटा तिथं ठेवला तर काही फाइली उघडताना ‘आकडा ठरलेल्या प्रकारात मावत नाही’ अशा अर्थाची एरर आली. मोठ्या फाइल सिस्टिमवर प्रत्येक फाइलचा आतला क्रमांक ६४ बिटांचा असू शकतो, आणि जुन्या प्रोग्रामची जागा ३२ बिटांचीच. एक्सटी४ या लिनक्सच्या नेहमीच्या फाइल सिस्टिममध्ये हा क्रमांक ३२ बिटांतच असतो. म्हणून डेटा मशीनमधल्या एक्सटी४ वर आहे आणि नेटवर्क डिस्कवर रात्री फक्त प्रत जाते.

एवढं बसल्यावर पुढचे महिने निवांत गेले. फेब्रुवारीपासून आवक वाढत गेली, दुपारनंतर पट्ट्यांची रांग लागायची, प्रोग्राम एकदाही बंद पडला नाही. सुरक्षेचे अपडेट येत राहिले, कर्नल त्याच मालिकेत पुढे सरकत राहिला, दिवाणजींना त्याचा पत्ताही लागला नाही. मार्चअखेरचा ताळेबंद पूर्वी रात्रभर लावून ठेवावा लागे. आता दिवाणजी खुर्चीवरून उठायच्या आत तयार होतो.

जुनी ऑपरेटिंग सिस्टिमच व्हर्च्युअल मशीनमध्ये ठेवा, असा सल्ला काही जण देतात. चालेल ते, पण वीस वर्षांत एकही सुरक्षा अपडेट न मिळालेला कर्नल पेढीच्या नेटवर्कवर असणं मला मान्य नाही. प्रोग्राम जुना असू दे, त्याच्याखालचं सगळं आजचं हवं.

याला एक मुदत आहे आणि ती माहीत असूनच हा मार्ग धरावा. जुने प्रोग्राम वेळ १९७० पासूनच्या सेकंदांत, ३२ बिटांच्या आकड्यात मोजतात आणि तो आकडा १९ जानेवारी २०३८ ला, आपल्या घड्याळात सकाळी ८ वाजून ४४ मिनिटांनी संपतो. चाचणीच्या मशीनवर तारीख पुढे नेऊन पाहिली: पट्टीवर डिसेंबर १९०१ छापून आलं. डेबियन १३ ने जवळपास सगळी ३२ बिटांची आर्किटेक्चर ६४ बिटांच्या वेळेवर नेली, आय३८६ तेवढं मागे ठेवलं, ते आमच्यासारख्यांचे जुने प्रोग्राम चालत राहावेत म्हणूनच. म्हणजे ज्या निर्णयामुळे आज काम चालतं त्यानेच शेवटची तारीखही ठरवली आहे.

तोवर डेटा सोडवून घेणं माझ्या हातात आहे. हेक्स डंप, म्हणजे फाइलमधले कच्चे बाइट आकड्यांत, समोर ठेवून प्रत्येक फाइलमधल्या रकान्यांची रचना लिहून काढतोय, दिवाणजी शेजारी बसून कुठला आकडा कशाचा ते सांगतात. पट्टी आणि खतावणीच्या फाइली उलगडल्या आहेत. बेदाण्याच्या लॉटची फाइल अजून पूर्ण कळलेली नाही, तिच्यात एक रकाना असा आहे ज्याचा अर्थ दिवाणजींनाही लागत नाही.