एनएचके: कादंबरी वाचावी, मांगा घ्यावा की अॅनिमे बघावा?

'वेलकम टू द एनएचके' हे नाव कानावरून गेलंय, कुणीतरी "बघच एकदा" म्हणून पिच्छा पुरवलाय आणि आता सुरुवात कुठून करायची हे कळत नाही, अशांसाठी हे लिहितोय. गोष्ट एकच, अवतार तीन. तात्सुहिको ताकिमोतोची कादंबरी 2002 ची. तिच्यावरून केंदी ओइवाने चितारलेला मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, 'शोनेन एस' मासिकात 2004 ते 2007 या काळात आला आणि त्याचे आठ खंड झाले. गोन्झो स्टुडिओचा अॅनिमे, म्हणजे टीव्हीवरची कार्टून मालिका, 2006 चा, चोवीस भागांचा. मी आधी अॅनिमे पाहिला, मग मांगा मिळवला आणि शेवटी कादंबरीकडे वळलो. हा क्रम मी ठरवला नव्हता, जे हाताला लागलं ते आधी पदरात पडलं. त्यामुळे माझ्या मताला या क्रमाचा वास येणार, तेवढं धरून चाला.

कथा सांगत बसत नाही. कॉलेज सोडून सहा चटया मावतील एवढ्या खोलीत कोंडून बसलेला, जपानी भाषेत 'हिकिकोमोरी' झालेला बावीस वर्षांचा साटो, भिंतीपलीकडे दिवसरात्र अॅनिमेची गाणी लावणारा यामाझाकी आणि "मी तुम्हाला बरं करते" म्हणत करारपत्र पुढे करणारी मिसाकी, एवढं बहुतेकांना ठाऊक असतं. करार मोडला तर दहा लाख येन दंड. आपल्या या अवस्थेमागे एनएचके नावाच्या संघटनेचा कट आहे अशी साटोची पक्की खात्री. एनएचके ही खरं तर जपानची सार्वजनिक प्रसारण संस्था; तिचं नाव घेऊन त्याने स्वतःसाठी शत्रू घडवलाय, कारण शत्रू असला की दोष आपला राहत नाही.

कादंबरी

एकाच खंडात संपते. शनिवारी दुपारी हातात घेतली तर रात्रीच्या जेवणापर्यंत उरकेल. सगळं साटोच्याच तोंडून येतं आणि तिची खरी ताकद तीच आहे. तो स्वतःला इतका सोलून काढतो की आपण त्याला हसावं की नाही हा प्रश्नच उरत नाही, आपल्या आधी तोच हसून मोकळा झालेला असतो. ताकिमोतो स्वतः या अवस्थेतून गेलेला आहे आणि ते त्याने लपवलेलंही नाही. ते माहीत नसतं तरी जाणवलं असतं. दिवसाचे सोळा तास झोपणाऱ्या माणसाला उरलेले आठ तास कसे जड जातात, हे बाहेरून बघणाऱ्याला सुचत नाही.

अडचण अशी की साटोच्या डोक्यात शिरल्यावर बाकीची मंडळी पातळ होतात. मिसाकी येते, बोलते, जाते, पण तिचं स्वतःचं काय चाललंय हे शेवटाकडे घाईघाईने समजतं. यामाझाकीचंही तेच. साखळी विक्रीच्या धंद्यात अडकलेली जुनी वर्गमैत्रीण मेगुमी तर कादंबरीत नाहीच, आणि ती नसणं मला फार खटकलं. आपल्याकडे ज्याला कुणी ना कुणी "एक छान बिझनेस ऑपॉर्च्युनिटी आहे, भेटूया का" असा फोन केलेला आहे, त्याला मेगुमीचं प्रकरण वाचताना घाम फुटेल. एकट्या माणसाला गाठणं सोपं असतं. हे ती ओळखून असते आणि तिचीही तितकीच कोंडी झालेली असते.

अॅनिमे

सोपा मार्ग हाच, आणि तो वाईट आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. काही गोष्टी तर इथेच सर्वात चांगल्या जमल्यात. एका प्रसंगी साटो सहज हात वर करतो आणि मिसाकी क्षणात अंग चोरून घेते. कुणी काही बोलत नाही. पडद्यावर ही हालचाल जेमतेम डोळे मिटण्याइतका वेळ टिकते आणि तिच्या लहानपणाबद्दल पुढे जे कळणार असतं ते सगळं तिथेच कळून चुकतं. कागदावर हे एवढं झटकन होत नाही.

दुसरी गोष्ट मेगुमीच्या भावाची. तोही वर्षानुवर्षं खोलीत, ऑनलाइन गेममध्ये बुडालेला. बहीण जेवण आणून देईनाशी होते तेव्हा पोटाला चिमटा बसतो आणि तो बाहेर पडतो, एका चिनी खानावळीत कामाला लागतो. त्याला बाहेर काढतं ना प्रेम ना उपदेश, नुसती भूक. साटोचंही शेवटी तसंच काहीसं होतं. घरून येणारे पैसे थांबतात, यामाझाकी होक्काइदोला आपल्या घरच्या गोठ्यावर परततो आणि साटो रस्त्याच्या कामावर वाहनं थांबवायचा झेंडा हातात धरतो. अन्न, वस्त्र, निवारा पुरवणारं कुणी आहे तोवरच माणूस असा बसू शकतो, हा कडू मुद्दा अॅनिमेने न लाजता मांडलाय.

चित्रांचा दर्जा भागागणिक वरखाली होतो. काही भागांत तर चेहरे ओळखू येईनात अशी गत आहे. सवय होते. माझी तक्रार ती नाही.

माझी तक्रार फ्रीजबद्दल आहे.

पहिल्याच भागात घरातल्या वस्तू साटोशी बोलायला लागतात. फ्रीज, टीव्ही, सगळे. दृश्य मजेशीर आहे, संगीतही मजेशीर आहे. पण कादंबरीत या प्रकाराला सरळ कारण आहे: साटो भ्रम निर्माण करणारे पदार्थ घेतो. मांगातही नशेचा भाग ठेवलाय. अॅनिमे टीव्हीवर दाखवायचा होता म्हणून असेल, तिथून नशा उचलून बाजूला ठेवली. भ्रम मात्र तसेच राहिले. परिणाम असा की नव्या प्रेक्षकाला वाटतं, पोरगा घरात बसून बसून वेडा झाला.

ही बाब बारीक वाटेल. मलाही आधी वाटली होती. पण ज्यांना ज्यांना मी अॅनिमे दाखवला त्यांपैकी बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया हीच: "याला भास होतायत, याला डॉक्टरकडे न्या." जपानच्या आरोग्य मंत्रालयाने 2010 मध्ये जी मार्गदर्शिका काढली, तिच्यात हिकिकोमोरी म्हणजे सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ शाळा, नोकरी, लोकांशी संबंध टाळून प्रामुख्याने घरातच राहणं, आणि ही अवस्था तत्त्वतः सायकोसिसपेक्षा, म्हणजे वास्तवाचं भान सुटण्याच्या आजारापेक्षा, वेगळी, असं धरलंय. निदान न झालेल्या स्किझोफ्रेनियाचे रुग्ण या गटात असण्याची शक्यता कमी नाही, हेही तिथेच नोंदवलंय. म्हणजे रेषा धूसर आहे, पण आहे. अॅनिमेने ती पहिल्या वीस मिनिटांत पुसून टाकली.

आमच्या ओळखीच्या एका घरात असाच एक मुलगा आहे. शिक्षण झालंय, हुशार आहे, दार लावून असतो. त्याच्या आईला मी मोठ्या उत्साहाने पहिला भाग लावून दिला. फ्रीज बोलायला लागल्यावर काकूंनी रिमोट मागितला आणि म्हणाल्या, "आमचा काही असा वेडाबिडा नाही हो." संपलं. पुढचे तेवीस भाग त्यांच्यासाठी नव्हतेच. काकांनी मात्र नंतर मांगाचा पहिला खंड चाळला. दारावरची बेल वाजते, साटो श्वास रोखून उभा राहतो, उघडू की नको या विचारात घामाघूम होतो, त्या पानावर ते बराच वेळ थांबले. "बेल वाजली की आमच्याकडेही असंच," एवढंच बोलले. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पण माझं मत त्या दिवशी झुकलं ते झुकलंच.

मांगा

आता मांगाच्या बाजूने बोलतो आणि आधी त्याचे दोष सांगतो, म्हणजे पक्षपाताचा आरोप नको. पोरांच्या मासिकात आलेला असल्याने चावट चित्रं ठायी ठायी पेरलेली आहेत. मिसाकीकडे बघण्याची नजर काही वेळा ओशाळवाणी आहे. यामाझाकीबरोबर साटो जो चावट गेम बनवायला घेतो आणि त्या नादात स्वतःच ज्या गाळात रुततो, ते वाचताना पुस्तक उशीखाली सरकवावंसं वाटतं. लोकलमध्ये उभ्याने वाचायची ही गोष्ट नाही. विषय आत्महत्येपर्यंत जातो, तेही विनोदाच्या अंगाने. स्वतःचे दिवस सध्या नाजूक असतील तर तिन्ही अवतार थोडे पुढे ढकला. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनच्या 14416 वर मराठीतही बोलता येतं, हा नंबर फोनमध्ये असू द्यावा.

पाचव्या-सहाव्या खंडाच्या आसपास गोष्ट गोल गोल फिरते, हा सर्वांचा आक्षेप. साटो सावरतो, घसरतो, शपथ घेतो, मोडतो, पुन्हा शपथ घेतो. एका पानावर ओरडून जग जिंकणारा साटो, पान उलटलं की त्याच चटईवर उताणा. मला विचाराल तर हाच या मांगाचा सच्चेपणा आहे. अॅनिमेत एक संकट आलं की दोन-तीन भागांत त्याचा निकाल लागतो: गेमचं प्रकरण मिटलं, साखळी विक्रीचं मिटलं, चला पुढे. खऱ्या आयुष्यात कुणाचंच प्रकरण असं मिटत नाही. आठ खंडांच्या ऐसपैस जागेत ताकिमोतोने स्वतःच आपली कादंबरी उसवून पुन्हा विणली आहे. संहिता त्याचीच, पण वळणं वेगळी, शेवटाकडे जाणारा रस्ताही वेगळा. कादंबरी वाचून झाली असली तरी पुढे काय होणार याचा अंदाज चुकतो.

मिसाकी इथे जास्त अवघड आहे. आपल्याहून खाली गेलेला माणूस सापडला की आपण बरे वाटतो, या हिशोबाने ती साटोला निवडते. हे तिन्ही अवतारांत आहे, पण मांगा तिला देवदूत बनवण्याचा मोह बराच काळ टाळतो. मदत करणाऱ्याचा स्वार्थ काय, हा प्रश्न सतत हवेत राहतो. मुलगी आली आणि मुलगा बरा झाला, या ठरीव कथेचा ज्यांना कंटाळा आलाय त्यांना इथे मोकळा श्वास मिळेल.

आणि चेहरे! ओइवाच्या रेषेत साटोचा चेहरा एका चौकटीत राजबिंडा, पुढच्या चौकटीत भेसूर, त्याच्या पुढच्या चौकटीत शाळकरी पोरासारखा रडवेला. हसू येतं, आणि ते ओसरायच्या आत पोटात खड्डा पडतो. पान आपल्याला हवं तेवढा वेळ थांबवून ठेवता येतं, हा कागदाचा मोठा फायदा. अॅनिमेत संगीत आपल्याला ओढून पुढे नेतं.

काळाचा मुद्दा निघालाच आहे म्हणून सांगतो. सैतो तामाकी या मानसोपचारतज्ज्ञाच्या 1998 मधल्या पुस्तकाने जपानमध्ये ही अवस्था घराघरात चर्चेला आणली. नव्वदच्या दशकातली मंदी, नोकऱ्यांचा दुष्काळ, कॉलेजातून बाहेर पडून कुठेच न पोचलेली पिढी: साटो त्यातलाच. तेव्हा तो 'तरुणांचा प्रश्न' होता. जपानच्या मंत्रिमंडळ कार्यालयाने 2016 मध्ये 15 ते 39 वयोगटासाठी 5,41,000 असा अंदाज दिला. मग 2019 मध्ये 40 ते 64 वयोगटासाठी आकडा आला 6,13,000, म्हणजे वयस्क जास्त. 2023 मध्ये जाहीर झालेल्या पाहणीत दोन्ही मिळून सुमारे 14,60,000. ऐंशीचे आईबाप पन्नाशीच्या मुलाला पोसतायत, याला तिकडे 'ऐंशी-पन्नास' म्हणतात. कादंबरीतला साटो आज चाळिशीच्या पुढे गेला असता. हे लक्षात ठेवून मांगातली ती घसरगुंडी वाचली की ती कंटाळवाणी वाटत नाही, ती हिशोबाला जुळते.

मिळण्याची बोंब आहे, ते मान्य. इंग्रजी खंड टोक्योपॉपने काढले होते आणि त्या कंपनीने 2011 मध्ये अमेरिकेतलं प्रकाशन गुंडाळलं. मला ते जुन्या पुस्तकांच्या बाजारातून जमवावे लागले आणि शेवटचे खंड पहिल्यांपेक्षा खूप महाग पडले. आठही एकदम घेऊ नका. पहिले दोन घ्या, झेपतायत का बघा. मेगुमी भेटेपर्यंत वाचायची इच्छा टिकली तर पुढचं आपोआप शोधाल.

वेळच नसेल तर कादंबरी घ्या, ती फसवत नाही. वाचनाचा कंटाळा असेल, किंवा कुणाबरोबर बसून बघायचं असेल, तर अॅनिमे बघा. फक्त पहिल्या भागाआधी शेजारी बसलेल्याला सांगून ठेवा की फ्रीज बोलतो ते मूळ गोष्टीत नशेपायी आहे. आणि घरात वडीलधारी असतील तर हेडफोन लावा, कारण यामाझाकीच्या खोलीतलं ते 'पुरु पुरु पुरुरिन' गाणं एकदा कानात बसलं की चार दिवस स्वयंपाकघरातून ऐकू येत राहतं.