दांडगा हिरो: छापील, वाचनालयातला आणि मोबाईलवरचा

प्रेमकथेतला हुकूम सोडणारा नायक बेळगावात आज तीन रूपांत मिळतो. जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिल्स अँड बूनच्या इंग्रजी प्रती असतात, वाचनालयांच्या कपाटात जाड पुठ्ठा घालून पुन्हा बांधलेल्या मराठी कादंबऱ्या असतात, आणि मोबाईलवर भागाभागांनी मराठी-कन्नड कथा येत राहतात. माल तोच. पैसेवाला, रागीट, कुणाला विचारून काही करायची सवय नसलेला पुरुष आणि त्याच्यापुढे मान तुकवायला तयार नसलेली मुलगी. पण बांधणी बदलली की हिरोही बदलतो. तो कुठे झेपतो आणि कुठे नासतो हे लेखिकेच्या विचारांवर जितकं अवलंबून असतं, त्याहून जास्त पुस्तकाच्या लांबीवर आणि पैसे कशाचे मिळतात यावर. म्हणून तिन्हींचं परीक्षण वेगवेगळं.

आधी खपाचं कारण. ‘बायकांना दाबून ठेवलेलं आवडतंच की’ असं कट्ट्यावर बसून सांगणारे असतात. त्यांनी यातली एकही कादंबरी शेवटपर्यंत वाचलेली नसते. या हिरोची खरी मेख त्याच्या लक्ष देण्यात आहे. चार देशांत धंदा असलेला माणूस बैठक अर्धी टाकून उठतो, कारण ती सकाळपासून जेवली नाही हे त्याच्या ध्यानात आलंय. सगळ्यांची ताटं वाढून झाल्यावर आपण काय खाल्लं हे घरात कुणीच विचारत नाही, अशा वाचकीला ही ओळ कुठे लागते ते सांगायला नको. दुसरं, निर्णयाचं ओझं. भाजीपासून मुलांच्या फीपर्यंत आणि सासूबाईंच्या गोळ्यांपासून गॅसच्या नंबरापर्यंत सगळं जिला ठरवावं लागतं, तिला दीडदोनशे पानं दुसऱ्या कुणीतरी ठरवलेलं चालतं. तेही पुस्तक मिटायचा हक्क स्वतःकडे ठेवून. आणि तिसरं म्हणजे शेवट: ज्याच्यापुढे सगळे वाकतात तो एकीपुढे वाकतो. १९९२ मध्ये अमेरिकेतल्या रोमान्स लेखिकांनी आपल्याच कामाविषयी निबंध लिहून एक संग्रह काढला, त्यातला मोठा युक्तिवाद हाच होता की या कथेत जिंकते ती नायिका. हिरो जितका दांडगा, तितका विजय मोठा.

युक्तिवाद खरा आहे, पण अर्धा. विजय पानावर दिसला तरच तो विजय.

आता पहिला प्रकार. साचा जुना आहे. १९१९ साली डर्बीशायरमधल्या एका शेतकऱ्याच्या बायकोने ई. एम. हल या नावाने, शेखाने वाळवंटात पळवून नेलेल्या इंग्रज मुलीची कादंबरी लिहिली. १९२१ मध्ये तिच्यावर मूकपट निघाला आणि हा शेख जगभर पोचला. मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ ची. सुरुवातीला ती सगळंच छापायची, १९३० च्या दशकात प्रेमकथांवर स्थिरावली. १९७१ मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विनने ती घेतली आणि १९७३ मध्ये ‘प्रेझेंट्स’ ही मालिका आली, ज्यात ग्रीक जहाजमालक, इटालियन बँकवाले आणि अर्थात शेख. आपल्याकडे मिळणाऱ्या याच जातीच्या प्रतींवर ‘मॉडर्न’ असं छापलेलं असतं. कंपनीने भारतात स्वतःचं बस्तान २००८ मध्ये बसवलं, त्यामुळे त्याआधीच्या प्रती बहुतेक आयात झालेल्या, पिवळ्या पडलेल्या आणि हाताळून मऊ झालेल्या असतात.

‘मॉडर्न’ची लांबी साधारण ५०,००० शब्द, म्हणजे १८०–१९० पानं. ही मर्यादा फार कामाची आहे. पहिल्या प्रकरणात भेट, मग दोघांना एका छताखाली आणणारी अडचण (वारसाहक्क, कर्ज, नोकरी, खोटं लग्न), पाऊण पुस्तक झाल्यावर मोठा तडा, आणि मग कबुली. हिरोला वाईट वागायला जागा आहे, पण ती मोजून दिलेली. दीडशेव्या पानापर्यंत त्याचा आवाज खाली आला नाही तर पुस्तक पुरतच नाही.

घेताना वर्ष बघा. प्रत उघडल्यावर पहिल्या दोनतीन पानांत कॉपीराइटच्या मजकुराजवळ ते छापलेलं असतं. ऐंशीच्या दशकापर्यंतच्या बहुतेक कथा फक्त तिच्या नजरेतून चालतात. तो का चिडला, का तुटक बोलला, ते आपल्याला कळत नाही. शेवटच्या चारपाच पानांत तो सांगतो की पहिल्या दिवसापासून प्रेम होतं, आणि मागचा सगळा राग वाचकीने नव्याने लावून घ्यायचा. धोका इथेच. खेकसणं, मनगट पिरगाळणं, शिक्षा म्हणून घेतलेलं चुंबन, हे सगळं त्या एका खुलाशाने माफ होतं. त्या काळच्या पुस्तकांत नायिकेचा नकार ओलांडणारे प्रसंगही सर्रास आहेत आणि त्यांना प्रेमाचं नाव दिलेलं आहे. ते ‘तेव्हा चालायचं’ म्हणून सोडून देता येत नाही, कारण प्रत आज हातात आहे. नव्वदनंतर हिरोची बाजूही येऊ लागली. दुसऱ्याच प्रकरणात तो मनातून विरघळलाय हे कळल्यावर वाचकीची भीती जाते. फायदा असा की त्याला बदलताना बघता येतं. तोटा असा की त्याच्या लहानपणाच्या दुःखाचा पाढा एवढा मोठा होतो की तिने काय सोसलं ते बाजूला पडतं. तरी दोन्हींत नवी प्रत बरी.

जेनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका गावातल्या रोमान्स वाचकींवर पुस्तक लिहिलं. त्या वाचकी भोळ्या नव्हत्या. गैरसमजातून आलेला हिरोचा तुटकपणा त्या चालवून घेत. खराखुरा क्रूरपणा असलेली पुस्तकं त्या सरळ टाकाऊ ठरवत, आणि फसगत नको म्हणून शेवट आधी चाळून बघणाऱ्याही त्यांत होत्या. ही पद्धत आपणही उचलावी. पुढची तपासणी उभ्या-उभ्या, दुकानातच होते.

नायिका पहिल्यांदा ‘नाही’ कुठे म्हणते ते शोधा आणि पुढची दोन पानं वाचा. तो चिडला तरी थांबला, तर पुस्तक ठेवून घ्या. तो हसला आणि ‘तुझे डोळे वेगळंच सांगतात’ अशा थाटाचं काही बोलला, तर परत ठेवा. तो पुढेही डोळेच वाचणार, तोंडाचं ऐकणार नाही. मग तिच्याकडे परत जायला घर, काम किंवा निदान एक मैत्रीण आहे का ते बघा. जिला निघून जाता येतं तिचं राहणं ही निवड असते. जिच्याकडे तिकिटाचे पैसेसुद्धा नाहीत, तिचं राहणं ही अडचण, मग लेखिका त्याला काहीही म्हणो. तिसरी खूण बारीक आहे आणि फसत नाही: तो ड्रायव्हरशी, वेटरशी, ऑफिसातल्या पोराशी कसा बोलतो. तिथला उर्मटपणा लेखिकेला रुबाब वाटत असेल, तर पुढे नायिकेच्या वाट्याला काय येणार ते तिथेच दिसलं.

आणि माफी. शेवटच्या वीस पानांत ती असते. त्याने काय म्हटलं यापेक्षा काय सोडलं ते मोजा. हिऱ्याची अंगठी हा त्याग नाही, त्याच्याकडे पैसा उदंड आहे. तिला परत नोकरी मिळवून देणं, भर बैठकीत आपली चूक कबूल करणं, तिने ‘आता नको’ म्हटल्यावर दारातून परत फिरणं, यांत त्याच्या अहंकाराचं काहीतरी जातं. एकाच पानात रडून, मिठी मारून आटोपलेली माफी असेल तर आधीची १७० पानं फुकट.

वाचनालयातल्या मराठी प्रकाराबद्दल थोडक्यातच. १८४८ पासूनचं बेळगावचं सार्वजनिक वाचनालय असो की गल्लीतलं छोटं, साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या रंजक कादंबऱ्या सहसा मागच्या रांगेत सापडतात. इथला दांडगा हिरो इनामदार, बॅरिस्टर, सर्जन नाहीतर घोड्यावरचा पोलीस अधिकारी. तो अंगाला हात कमी लावतो, टोमणे जास्त मारतो. भाषा बहुतेक ठिकाणी छापील इंग्रजी प्रकारापेक्षा सरस असते आणि वाडा, माजघर, घरातली म्हातारी आत्या हे सगळं खरं वाटतं. खोट आहे ती बदलाच्या यंत्रणेत. हिरो स्वतः विचार करून बदलत नाही. मोटारीचा अपघात होतो, टायफॉइड होतो, आई मरताना शपथ घालते, आणि तो सरळ होतो. नायिका तेवढा काळ उशाशी बसून असते. म्हणजे जिंकला टायफॉइड, ती नव्हे. शिवाय जुन्या बांधणीत पानं गहाळ असतात. घरी नेण्याआधी शेवटचा फर्मा, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांची शेवटची जुडी, आहे का ते नक्की बघा, नाहीतर हिरो कायमचा तापातच राहील.

आता मोबाईल. वाचन सगळ्यात जास्त इथेच चाललंय, म्हणून इथे जरा थांबू. नमुना एकच: कंत्राटी लग्न, बहिणीच्या जागी बोहल्यावर चढलेली मुलगी, थंड डोळ्यांचा अब्जाधीश. कन्नड कप्प्यात गेलात तरी हाच माल, नावं तेवढी वेगळी. हिरो पुण्या-मुंबईचा नाहीतर परदेशातून परतलेला. तो बेळगावचा असूच नये असा जणू ठराव झालाय. उद्यमबागेतल्या फाउंड्रीचा मालक किंवा चिकोडीकडच्या साखर कारखान्याचा चेअरमन घेतला असता तर गंमत आली असती, पण मग त्याला वीज गेल्यावर भट्टी आणि थकलेलं ऊसबिल सांभाळावं लागलं असतं, आणि दुपारी तीन वाजता बायकोच्या कॉलेजबाहेर काळ्या गाडीत बसून राहणं जमलं नसतं.

रचना बघा. एक भाग सुमारे हजार शब्दांचा. सुरुवातीचे भाग फुकट, मग अ‍ॅपमधली नाणी विकत घ्या, जाहिरात बघा, वर्गणी भरा किंवा उद्यापर्यंत थांबा. तीनशे भागांची कथा म्हणजे तीन लाख शब्द, सहा ‘मॉडर्न’ एकापुढे एक. पैसा आणि वाचनसंख्या भागामागे मिळते, म्हणून प्रत्येक भाग एखाद्या धक्क्यावर तुटला पाहिजे. आणि हिरो सुधारला की धक्का संपतो. त्यामुळे चाळिसाव्या भागात तो माफी मागतो, बेचाळिसाव्यात कुणीतरी फोटो दाखवतं, तो पुन्हा संशय घेतो, पुन्हा खोलीत कोंडतो, आणि शंभराव्या भागात पुन्हा माफी. २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात पडून असलेल्या सीमाप्रश्नाच्या दाव्यासारखी ही माफी नुसती तारखा घेत राहते. छापील पुस्तकात जे दीडशे पानांत आवरावं लागतं, ते इथे आवरलं तर लिहिणारीचंच नुकसान. एरवी चांगले संवाद लिहिणारी, हिरोला कुठे थांबवायचं हे कळणारी माणसंही या गणितात अडकलेली दिसतात.

परिणाम असा की इथला हिरो दांडगा राहत नाही, त्याचं रूपांतर छळवाद्यात होतं, आणि कथेला ते कळत नाही. पाठलाग, फोनची झडती, ‘उद्यापासून कामावर जायचं नाही’. नकार दिल्यावरही मागे लागणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा दोषी ठरल्यास तीन वर्षांपर्यंत कैद. बायकोला नोकरी सोडायला लावणं २००५ च्या घरगुती हिंसाचार कायद्यात आर्थिक छळ म्हणून धरलं जातं. कल्पितकथेला कायद्याची फूटपट्टी लावू नये हे बरोबर. पण ‘मॉडर्न’मधला ग्रीक कोट्यधीश वाचकीच्या घरापासून इतका लांब असतो की तो कल्पित आहे हे विसरणं शक्य नाही. मराठी बोलणारा, देवघरात हात जोडणारा, सासूसमोर ‘माझी बायको आहे, मी बघतो’ म्हणणारा हिरो बसस्टॉपवरही भेटू शकतो. पंधरा-सोळाच्या मुलींच्या हातात हेच जास्त असतं. त्यांच्याकडून मोबाईल काढून घेतला तर घरातलाच एक दांडगा हिरो वाढला. त्यापेक्षा भागाखालच्या प्रतिक्रिया त्यांच्याबरोबर वाचाव्यात. ‘ही निघून का जात नाही?’ असं विचारणाऱ्या वाचकी तिथे भेटतात.

मोबाईलवर वाचायचंच असेल तर ‘पूर्ण’ अशी खूण असलेली आणि साठ-सत्तर भागांत संपलेली कथा निवडा. शेवटचा भाग कुलूपबंद असला तरी त्याखालच्या प्रतिक्रिया बऱ्याचदा उघड्या असतात, शेवटाचा अंदाज त्यावरून येतो. नाणी सुटी घेण्यापेक्षा महिन्याची वर्गणी स्वस्त पडते, मात्र ती भरताना यूपीआयचा ऑटोपे चालू होतो. पैसे भरून झाले की लगेच त्याच यूपीआय अ‍ॅपमध्ये जाऊन तो बंद करा. कथा सांगणारं अ‍ॅप काढून टाकलं तरी ऑटोपे आपोआप जात नाही.