धर्मग्रंथांचे तीन मोफत संग्रह: वर्गात आणि शालेय ग्रंथालयात कितपत उपयोगी?

निरनिराळ्या धर्मांची ओळख करून देणाऱ्या तासासाठी साहित्य शोधू लागले, की तुटवडा कशाचाच नसतो. तुटवडा असतो तो भरवशाच्या साहित्याचा. धर्माचे नाव शोधयंत्रात टाकताच सुविचारांची रंगीत चित्रे, रंगवायची पाने आणि तयार प्रश्नसंच यांचा ढीग समोर येतो, पण त्यातले वचन कोणत्या ग्रंथातले, कितव्या अध्यायातले आणि कोणी अनुवादलेले, हे सांगणारे पान क्वचितच हाती लागते. तेव्हा मूळ ग्रंथांकडेच जाणे बरे, या विचाराने मी तीन मोफत संग्रह एकाच पाठाला लावून पाहिले. पाठाचा विषय होता ‘दुसऱ्याशी कसे वागावे’. प्रत्येक संग्रहातून एक उतारा निवडायचा आणि अनुवादक, अनुवादाचा काळ, संदर्भक्रमांक व छापून वाटण्याची परवानगी या चार गोष्टी तिथेच कळतात का ते पाहायचे, एवढी साधी कसोटी ठेवली. तिन्ही ठिकाणी अनुवाद प्रामुख्याने इंग्रजी आहेत, त्यामुळे शिक्षकाने उतारा स्वतः वाचून वर्गाच्या भाषेत मांडावा लागतो, हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

पहिला ‘इंटरनेट सेक्रेड टेक्स्ट अर्काइव्ह’. जॉन ब्रूनो हेअर यांनी 1999 मध्ये सुरू केलेला हा संग्रह शोधयंत्रात बहुधा सर्वांत आधी भेटतो, आणि गोंधळही सर्वांत जास्त तोच उडवतो. रूप अगदी जुन्या वळणाचे आहे: साधी पाने, मागे-पुढे नेणारे दुवे आणि मजकुराच्या मधेच छापील आवृत्तीचा पृष्ठक्रमांक. हा पृष्ठक्रमांक मला फार मोलाचा वाटतो, कारण ग्रंथालयात तोच खंड छापील स्वरूपात असेल, तर विद्यार्थी पडद्यावरचे वाक्य कागदावर ताडून पाहू शकतो. माझ्या पाठासाठी इथून कन्फ्यूशियसच्या ‘अनालेक्ट्स’ या वचनसंग्रहातला, जेम्स लेग यांच्या एकोणिसाव्या शतकातील अनुवादाचा उतारा घेतला: जन्मभर पुरेल असा एखादा शब्द आहे का, असे शिष्य विचारतो, आणि स्वतःला जे नको ते दुसऱ्याला करू नये, असे गुरू सांगतात. अनुवादक कळला, काळ कळला, पण संदर्भाशी अडखळलो. लेग यांच्या क्रमाने हा पंधराव्या प्रकरणातला तेविसावा परिच्छेद; इतर काही आवृत्त्यांत तोच चोविसावा. टाचणात नुसता आकडा लिहून भागत नाही, कोणाची आवृत्ती तेही लिहावे लागते.

या संग्रहाचा मोठा आधारस्तंभ म्हणजे मॅक्स म्यूलर यांनी संपादित केलेली, 1879 ते 1910 या काळात ऑक्सफर्डहून निघालेली पन्नास खंडांची ‘सेक्रेड बुक्स ऑफ द ईस्ट’ ही मालिका. प्रताधिकाराची मुदत संपल्यामुळेच ती इथे आली, आणि तिचे गुण-दोष दोन्ही त्यातूनच येतात. मालिकेच्या लिप्यंतरात तिरप्या ‘जी’ या अक्षराने ‘ज’चा उच्चार दाखवलेला असल्याने जैन सूत्रांच्या खंडांत ‘जैन’ हा शब्द ‘गैन’ असा दिसतो. नेहमीच्या स्पेलिंगने मजकुरात शोध घेणाऱ्या मुलाला वाटते, की इथे काही नाहीच. भाषा दीडशे वर्षांपूर्वीची, त्यामुळे मधल्या इयत्तांना उतारा जसाच्या तसा देता येत नाही. पहिल्याच खंडाच्या प्रस्तावनेत म्यूलर वाचकाला बजावतात, की या ग्रंथांत ताजे, साधे आणि सुंदर पुष्कळ आहे, तसेच निरर्थक आणि किळस यावी असेही आहे. एवढे स्पष्ट बोलणारा संपादक मला आवडतो, पण तो कोणत्या काळातून आणि कोणत्या नजरेने बोलतो आहे, हे मोठ्या वर्गाला समजावून देणे शिक्षकाच्याच अंगावर पडते. खरे तर त्या वर्गासाठी ही प्रस्तावना हाच एक चांगला पाठ होईल. मालिकेच्या पन्नास खंडांत बायबल नाही, हेही मुलांना विचारात घ्यायला लावावे.

ग्रंथपालांसाठी एक इशारा आवश्यक आहे. या संकेतस्थळाच्या विषयसूचीत बौद्ध, इस्लाम, ताओ यांच्याच रांगेत अटलांटिस, टॅरो आणि उडत्या तबकड्याही आहेत. प्रौढ वाचकाला त्याची गंमत वाटेल, पण शाळेच्या संगणकावर मुखपृष्ठाचा दुवा ठेवण्याऐवजी नेमक्या ग्रंथाचाच दुवा ठेवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा संग्रह ‘सुत्तसेंट्रल’, आणि शिक्षकाला सर्वांत जास्त हात देणारा हाच. आरंभीच्या बौद्ध ग्रंथांपुरतीच त्याची व्याप्ती आहे, परंतु त्या मर्यादेतले काम अतिशय नेटके आहे. पाली आणि इंग्रजी मजकूर ओळीला ओळ लावून वाचता येतो, पालीची लिपी बदलून देवनागरी करता येते, आणि एखाद्या सुत्ताचे, म्हणजे प्रवचनाचे, समांतर पाठ चिनी, संस्कृत किंवा तिबेटी परंपरेत कुठे आहेत तेही पाहता येते. धम्मपदातली 129वी गाथा, ‘सब्बे तसन्ति दण्डस्स, सब्बे भायन्ति मच्चुनो, अत्तानं उपमं कत्वा, न हनेय्य न घातये’, देवनागरीत समोर आली, की संस्कृतची थोडी ओळख असलेली मुले अनुवादाकडे न पाहता निम्मा अर्थ लावतात, आणि स्वतःवरून दुसऱ्याला ओळखण्याची ही कल्पना कन्फ्यूशियसच्या उत्तराशेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे.

या संग्रहाचे खरे बळ मात्र बुद्धांनी कालाम नावाच्या लोकांना केलेल्या उपदेशाच्या पानावर दिसते. कोणी सांगितले म्हणून विश्वास ठेवू नका, केवळ तुमच्या बुद्धीला पटेल तेच माना, अशा अर्थाचे एक सुटसुटीत वाक्य बुद्धांच्या नावावर सर्वत्र फिरत असते. मूळ सुत्त (अंगुत्तर निकाय 3.65) उघडले, की चित्र बदलते. तिथे परंपरा, ऐकीव गोष्टी आणि ग्रंथप्रामाण्य यांच्याबरोबर नुसता तर्क आणि नुसते अनुमान हेही पुरेसे आधार नाहीत असे म्हटले आहे. एखादी गोष्ट अकुशल आहे, जाणत्यांनी निंदलेली आहे आणि आचरल्यास अहित व दुःख घडवते, हे स्वतः ओळखल्यावर ती सोडावी, असे पुढे येते. फिरत्या वाक्यातून नेमके हे जाणत्यांचे मत आणि परिणामांची कसोटी गळून पडते. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून काय गळले ते शोधायला सांगितले, तर एक तास सहज रंगतो, आणि त्यासाठी लागणारे सगळे एकाच पानावर आहे. परवानगीच्या बाबतीतही हा संग्रह उदार आहे: भिक्खू सुजातो यांचे अनुवाद कोणत्याही अटीविना सार्वजनिक वापरासाठी खुले आहेत. मात्र त्याच स्थळावर इतर अनुवादकांचेही काम आहे आणि त्यांच्या अटी वेगळ्या असू शकतात, तेव्हा झेरॉक्स काढण्याआधी पानावरील अनुवादकाचे नाव पाहावे.

‘सेफारिया’ हा यहुदी ग्रंथांचा संग्रह रचनेच्या दृष्टीने तिघांत सर्वांत आधुनिक आहे. एखाद्या वचनावर क्लिक केले, की बाजूला पट्टी उघडते आणि त्या वचनावरील शतकानुशतकांची भाष्ये एकाखाली एक दिसतात. माझ्या पाठासाठी तालमूद या यहुदी ग्रंथातली (शब्बात 31अ) हिलेल या धर्मगुरूची गोष्ट घेतली: एका पायावर उभा राहून होईल तेवढ्या वेळात सगळा धर्म शिकवा, असे म्हणणाऱ्याला तो सांगतो, की तुला जे अप्रिय ते दुसऱ्याला करू नकोस, बाकी सारे भाष्य, जा आणि शिक. इथल्या स्टाइनझाल्त्झ आवृत्तीच्या अनुवादात मूळ शब्दांचा अर्थ ठळक अक्षरात आणि स्पष्टीकरणासाठी घातलेले शब्द साध्या अक्षरात छापले आहेत. ग्रंथ कुठे संपतो आणि समजावणे कुठे सुरू होते, हे मुलांना एरवी किती समजावले तरी ध्यानात येत नाही. इथे ते डोळ्यांना दिसते. ही आवृत्ती अव्यावसायिक वापरासाठी, श्रेय देण्याच्या अटीवर खुली आहे. शिक्षकांनी बनवलेली तयार संदर्भपत्रकेही स्थळावर ढीगभर आहेत, पण ती कोणीही तयार करू शकतो, त्यामुळे ती सरसकट उचलू नयेत. पत्रक बनवण्याची सोय वापरून स्वतःचे पत्रक करावे, हे अधिक श्रेयस्कर.

तिन्ही संग्रहांची एक सामाईक उणीव आहे. धर्माभ्यासक निनियन स्मार्ट यांनी धर्माची सात अंगे मांडली. त्यात सिद्धांत, कथा आणि नीती यांच्या जोडीला विधी, अनुभव, समाजजीवन आणि वस्तू-वास्तू हीही अंगे आहेत. ग्रंथसंग्रह पहिल्या तिघांनाच न्याय देतात आणि धर्म म्हणजे पुस्तक असा मुलांचा समज करून ठेवतात. या बाबतीत न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमने 2017 पासून मुक्त केलेली वस्तूंची छायाचित्रे चांगली पूर्तता करतात. ती विनाअट वापरता येतात आणि प्रत्येक वस्तूखाली काळ, स्थान व माध्यम दिलेले असते. जिवंत विधी आणि समाजजीवन यांना मात्र छायाचित्र पुरत नाही.

शालेय ग्रंथालयात हे साहित्य आणायचे, तर दुव्यांची यादी भिंतीवर चिकटवण्यापेक्षा तालिकेत रीतसर नोंद करावी. मार्क या संगणकीय ग्रंथनोंदीच्या साच्यातील 856 हे क्षेत्र दुव्यासाठीच आहे, आणि अनुवादकाचे नाव व वर्ष हे ग्रंथनामाइतकेच आवश्यक मानावे. वर्गांक देताना ग्रंथवर्गीकरणाच्या डेव्ही पद्धतीतला जुना असमतोल आडवा येतो: 220 ते 280 हे आकडे बायबल आणि ख्रिस्ती धर्म यांना, तर उरलेले सगळे धर्म 290 मध्ये, बौद्ध 294.3, जैन 294.4, हिंदू 294.5, शीख 294.6, यहुदी 296, इस्लाम 297. छापील पुस्तकांच्या फळीवर हे आकडे पाळावे लागतील, परंतु डिजिटल नोंदींना फळी नसते. तिथे विषयशीर्षके नीट दिली आणि ‘दुसऱ्याशी वागणूक’सारख्या पाठाच्या नावानेही नोंद शोधता येईल अशी सोय केली, तर कन्फ्यूशियस, धम्मपद आणि हिलेल विद्यार्थ्याला एकाच शोधात सापडतात. दुवे तुटतात, म्हणून निदान सत्राच्या आरंभी ते एकदा उघडून पाहावेत आणि वर्गात लागणाऱ्या, परवानगी असलेल्या उताऱ्यांची छापील प्रत फाइलला लावून ठेवावी.