हॅलोविनला पोरांना न्यायचं कुठे: नॅगली पार्क की आपलीच गल्ली?

हॅलोविनच्या संध्याकाळी पोरं सोंगं घेऊन दारोदार चॉकलेटं मागत फिरतात, त्यामुळे कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेच्या आसपास राहणाऱ्यांना ३१ ऑक्टोबर जवळ आला की हा प्रश्न पडतोच. आम्ही दोन्ही करून पाहिलंय, एक वर्ष नॅगली पार्क ही सॅन होजेतली जुनी वस्ती आणि नंतर सनीव्हेलमधली आमचीच गल्ली.

नॅगली पार्कचं नाव उगाच झालेलं नाही. सॅन होजे स्टेट विद्यापीठाला लागून असलेली विसाव्या शतकाच्या सुरुवातीची घरं, पुढे ऐसपैस व्हरांडे, जुनी झाडं. सजावट तर अशी की आमची पाच वर्षांची लेक पहिल्याच सांगाड्यापाशी माझ्या पायाला चिकटली. गाडी लावायला वीस मिनिटं गेली, तेही मी सोसलं असतं.

पण तिथे बेल वाजवायला मिळत नाही! गर्दी एवढी की घरमालक बिचारे टोपलं घेऊन पायऱ्यांवरच बसलेले. प्रत्येक घरापुढे रांग, हातात एक चॉकलेट, की पुढे सरका. देवस्थानातल्या प्रसादासारखं. लेकीने आठवडाभर आरशासमोर दारात म्हणायच्या ‘ट्रिक ऑर ट्रीट’चा सराव केला होता. चौथ्या घरी तिने विचारलं, “बाबा, बेल कधी दाबायची?” माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

आमच्या गल्लीत पोर्चचा दिवा चालू असेल तिथेच जायचं, आणि बरीच घरं अंधारात असतात, हे कबूल. पिशवीही निम्मीच भरते. पण ती बेल दाबते, आतून पावलं ऐकू येतात, दार उघडतं आणि शेजारच्या आजी तिला ओळखूनही घाबरल्यासारखं करतात. २०२४ साली तर लक्ष्मीपूजन नेमकं त्याच संध्याकाळी आलं. आमच्या आकाशकंदिलाखाली एक छोटा ड्रॅक्युला रांगोळी वाचवत उभा होता, त्याला चॉकलेटसोबत चकलीही मिळाली. (शाकाहारी घरांनी पिशवी एकदा तपासावी. कँडी कॉर्न आणि इथल्या स्टारबर्स्ट या गोळ्यांमध्ये प्राण्यांपासून बनणारं जिलेटिन असतं.)

पोरं दहा-बारा वर्षांची असतील तर कदाचित माझं ऐकू नका, त्यांना गर्दीच हवी असते. लहान असतील तर सूर्य मावळायच्या आत, साडेपाचलाच, आपल्या गल्लीत निघा. सोंगाचे पंख टोचायला लागले की घर चार दारांवर असतं.