लाखभर पळालेली स्प्लेंडर घ्यावी, की साठ हजार पळालेली पल्सर?

जुनी गाडी शोधायला लागलं की कोल्हापुरात ही जोडी हमखास समोर येते. किंमत जवळपास सारखी आणि मीटरमध्ये ४० हजार किलोमीटरचा फरक. आकडा बघून बरेच जण पल्सर १५० कडं वळतात. मला ते पटत नाही. गावातल्या गावात फिरणं, दुधाचे कॅन, शेताकडच्या खेपा एवढंच काम असेल तर लाखाची स्प्लेंडर घ्या. रोज हायवेनं कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत ड्युटी असेल, तर मात्र पल्सर.

इंजिन किती पळालं, यापेक्षा कसं पळवलं हे महत्त्वाचं. स्प्लेंडरचं इंजिन ९७.२ सीसीचं, गिअर चार. हायवेला ट्रकांच्या बरोबरीनं जायचं म्हटलं की अ‍ॅक्सिलेटर सतत पिळलेलाच राहतो, इंजिन तापतं आणि पिस्टनच्या रिंगा लवकर जातात. पल्सर तोच वेग पाचव्या गिअरात आरामात धरते. पण तीच पल्सर नुसती घर ते महाद्वार रोड एवढीच फिरली असेल, तर इंजिन नीट गरम व्हायच्या आत बंद होतं, न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ होतं. मीटरवर यातलं काही दिसत नाही.

दुरुस्तीच्या बाबतीत स्प्लेंडर फारच पुढं आहे. १९९४ पासून इंजिनाचा मूळ आराखडा तोच राहिल्यानं पार्ट गावाकडच्या दुकानातही मिळतात. मूळ बोअर, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटरचा. तो झिजला की उद्यमनगरात बोअरिंग करून (सिलिंडर आतून कापून मोठा करून) पाव मिलिमीटर मोठा पिस्टन बसवायचा, पुढच्या वेळी अर्धा, असं एक मिलिमीटरपर्यंत जाता येतं. म्हणून सध्या कितवा पिस्टन बसलाय ते विचारा. साइझ पिस्टनच्या माथ्यावर कोरलेला असतो, पण हेड (इंजिनाचं वरचं झाकण) उघडल्याशिवाय दिसत नाही. मालकाकडं जुनं बिल मागा. शेवटचा साइझ झालेला असेल तर पुढचा खर्च नव्या ब्लॉकचा, म्हणजे अख्ख्या सिलिंडरचा, तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या. पल्सरला इंजिनकामाचा खर्च जास्त येतो. शिवाय टायमिंग चेनची खडखड, क्लच प्लेटा आणि पुढच्या शॉकअपचं ऑइल सील बघावं लागतं. तिची जमेची बाजू म्हणजे पुढचा डिस्क ब्रेक. डिस्क किती झिजेपर्यंत चालते, ती किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते.

गाडी बघायला गेल्यावर आधी इंजिनाला हात लावा. गरम लागलं तर परत या, सकाळी थंड गाडी स्वतः सुरू करा. मग जमलं तर दोन्ही गाड्या पन्हाळ्याला न्या. चढाला जोर लावताना निळा धूर सतत येत असेल तर रिंगा किंवा बोअर गेलाय. उतरताना गिअरात ठेवून अ‍ॅक्सिलेटर पूर्ण सोडा आणि वाघबीळजवळ एकदम पिळा. तेव्हाच निळ्या धुराचा लोट आला तर व्हॉल्व्हचे सील किंवा गाइड झिजलेत, कारण अ‍ॅक्सिलेटर बंद असताना आतल्या ओढीनं ऑइल तिथून सिलिंडरमध्ये उतरतं. नुसते सील गेले असतील तर काम स्वस्तात होतं, रिंगा-बोअरचं तसं नाही. थंड सकाळी सुरुवातीला सायलेन्सरमधून येणारी पांढरी वाफ मात्र निरुपद्रवी.

आपल्याकडं महापुराचा प्रश्न वेगळाच. २०१९ आणि २०२१ मध्ये कितीतरी गाड्या पंचगंगेच्या पाण्यात गेल्या. हेडलाइट खोलून वायरिंगचे कपलर (वायरींचे जोड) बघा. पितळ हिरवं पडलंय किंवा कोपऱ्यात गाळ सुकलाय, तर गाडी बुडालेली असण्याची दाट शक्यता. स्प्लेंडरला वायरिंग कमी, ती निस्तरता येते. डिजिटल मीटरची पल्सर अशी निघाली तर कितीही स्वस्त असो, घेऊ नका.

कागदांचं थोडक्यात: १५ वर्षं झालेल्या गाडीचं पासिंग दर पाच वर्षांनी करावं लागतं. लाखभर पळालेली स्प्लेंडर त्या वयाची असू शकते, तेव्हा आरसीवरची तारीख आणि बँकेचा बोजा उतरलाय का, हे इसार देण्याआधीच तपासा.